करडे बिल्ले

माझा भाऊ अद्नान वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की बायका गालावर हात ठेवून म्हणतात, असा कसा गो तुझा भाऊ! असा तसा काही नाही. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं. वाईट माणूस आता काय करणार, ते निदान आधी कळतं तरी.

दोन हजार आठच्या जानेवारीत तो दुबईहून लांब सुट्टीवर आला. तिथे टीव्ही-फ्रिजच्या दुकानात होता. लोकांची पोरं येताना ब्लँकेटं आणतात, अत्तरं आणतात, दुधाच्या पावडरीचे डबे आणतात. आमच्या साहेबांनी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा आणला. अम्मीने तो चारी बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ह्यात शिजतं काय?"

राजिवड्याच्या आमच्या घरात टीव्ही पुढच्या खोलीत. मी तिथेच खाली कागद पसरून कोलंबी सोलायला बसायचे आणि तो खेळायचा. मला गेमबिमची आवड नव्हती. पण ही नुसती ढिशूम ढिशूम नव्हती, गोष्ट होती. लढाई हरलेला एक शिपाई मुलूखभर भटकतो, आणि गावोगाव माणसं त्याला काही ना काही विचारतात. मग पडद्यावर दोन-तीन उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. निवडलं की गोष्ट तिकडे वळते. त्याच्याबरोबर होडीवाल्याची एक पोरकी पोर असते. राजाची माणसं तिच्या मागावर. तिला जपायचं की हवाली करून मोकळं व्हायचं, तेही आपल्याच हातात. सगळं इंग्रजीत, पण भाई मला अर्थ सांगायचा.

पहिल्या खेपेला तो असा खेळला की काय सांगू! प्रत्येक प्रश्नाला थांबायचा. बोट बटणावरून काढून माझ्याकडे बघायचा. "मेहरीन, काय करू?" मी म्हणायचे, "विचारतोस काय मेल्या, पोरीला त्यांच्या हातात देतोस?" मग तो हसून बरोबर तेच निवडायचा. शेवटी ती पोर बापाची होडी घेऊन नदीपार जाते आणि शिपाई काठावर उभा राहतो. मी कोलंबीच्या हातांनी डोळे पुसले आणि मग अर्धा तास डोळ्यांची नुसती आग आग.

मला वाटलं, संपलं. डबा आता कपाटात. दुसऱ्या दिवशी बघते तर तोच शिपाई पुन्हा त्याच लढाईतून लंगडत बाहेर येतोय.

"परत? गोष्ट कळली ना तुला?"

"अर्धीच कळली. हे बघ." त्याने पडद्यावर एक पान उघडलं. चौकोनी चित्रंच चित्रं. काही रंगीत, बाकी सगळी करडी. "ह्यांना अचीव्हमेंट म्हणतात. केलं ते रंगीत झालं. करडी आहेत ती दुसऱ्या रस्त्यांवरची. चांगलं वागून ती मिळतच नाहीत."

"नाही मिळाली तर जेवायला नाही घालणार तुला?"

"तसं नाही गं. तिकडे रूमवर सगळे एकमेकांची बघतात. आणि खरं सांगू? ही चित्रं नसती ना, तर मी दुसऱ्यांदा हात लावला नसता. मला झाली तीच गोष्ट आवडली होती. पण करडं दिसलं की डोक्यात किडा वळवळतो. तिथे काय असेल?"

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. म्हटलं, "मग त्या पोरीला वाचवलंस ते काय होतं? नाटक?"

"ते आहे की. सेव्ह केलंय. तिथेच आहे." अगदी समजूत घातल्यासारखा बोलला. जशी काही ती पोर आत कुठेतरी कपाटात घडी करून ठेवली होती.

दुसऱ्या खेपेला त्याने तिला हवाली केलं. ती रडत होती, हात जोडत होती, आणि टीव्हीतून 'टिंग' झालं. एक करडं चित्र रंगीत झालं. आतून अम्मी ओरडली, "लागला काय रे बिल्ला?" ती अचीव्हमेंटला बिल्ला म्हणायची. भाई म्हणाला, "लागला." त्याला मजा आली असं नव्हे हं. चेहरा पडला होता त्याचा. "वाईट वाटलं," असं म्हणालासुद्धा. आणि म्हणता म्हणता पुढच्या बिल्ल्याला लागला.

पण मला खटकलं ते वेगळंच. पहिल्या खेपेला तो ऐकायचा. दुसऱ्या खेपेला ऐकेनासा झाला. कुणी बोलायला लागलं की ह्याचं बोट बटणावर टक टक टक. म्हातारा आपलं दुःख सांगतोय, ह्याने वाक्य अर्ध्यावर तोडून पुढे ढकललं. "हे माहीत आहे," म्हणायचा. प्रश्न आला रे आला की धाडकन उत्तर. समोर माणूस उरलाच नव्हता, ज्याच्या मागे बिल्ला आहे असं नुसतं एक दार होतं. मला ते बघवेना. मी कोलंबी मागच्या पडवीत नेली.

त्याच दिवसांत आमचं साटंलोटं ठरत होतं. म्हणजे त्यांची मुलगी आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे. भाट्याच्या पुलापलीकडे मैमुनाखालाचं, म्हणजे मैमुनामावशीचं, घर. तिचा नवरा कधीच वारलेला. मुलगा साकिब बोटीवर फिटर, धाकटी लायबा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. लायबा भाईला, मी साकिबला. भाईने लायबाला एकदा पाहिलं आणि चहा संपायच्या आत हो म्हणून टाकलं. मला साकिब आवडला होता, मी कशाला नको म्हणते!

साटंलोट्याचा आमच्याकडे एकच कायदा. दोन्ही निकाह एका दिवशी, एका मांडवात. कारण एकीचं झालं आणि दुसरीचं राहिलं, तर झालेली ओलीस. इकडची परत आली की तिकडचीही परत पाठवायची, हे पोराटोरांना माहीत असतं. पण साकिबला बोटीचा बोलावा आला. मार्च उजाडला की मुंबईत हजर व्हायचं. आणि लायबाची परीक्षा एप्रिलात. माझे अब्बा म्हणाले, "घरचीच माणसं आहेत. दोनेक महिन्यांचा प्रश्न, मेहरीनचा निकाह आधी उरकू." मैमुनाखालाही हो म्हणाली. माझी फुफी, अब्बांची बहीण, तेवढी त्यांना म्हणाली, "नझीर, असं करू नको रे. दोघींचं एकदम कर, नायतर दोघींचं थांब." तिला कोण विचारतंय! फेब्रुवारीत माझा निकाह लागला.

साकिबबरोबर जे दिवस मिळाले ते फार चांगले गेले. मोटारसायकलवर बसवून भाट्याच्या किनाऱ्यावर न्यायचा, सुरूच्या सावलीत बसून बोटीवरच्या गमती सांगायचा. मला पुरतं वेड लावलं त्याने, आणि गेला बोटीवर. मग घरात आम्ही तिघी. लायबा पोर गुणाची. अभ्यास करता करता मध्येच "भाभी, काहीतरी सांग ना," म्हणून पुस्तक मिटायची. मी तिला भाईच्या गेमची गोष्ट सांगितली, शिपायाची आणि होडीवाल्याच्या पोरीची. पहिल्या खेपेचीच सांगितली. नव्या घरात भावाची लाज कोण काढतं?

भाई तिला दुपारी मोबाइलवर फोन करायचा. सुरुवातीला ती लाजून अंगणात जायची. मग हळूहळू ती फोननंतर माझ्या शेजारी येऊन बसायला लागली. पुस्तक उघडायची नाही, नुसती बसायची.

"काय गो, भांडलात?"

"नाही. भाभी, ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतात? परवा म्हणाले, तुला दुबईला नेईन. मी खूश झाले. काल म्हणाले, तू इथेच राहा. मी म्हटलं, बरं. आज परत दुबई. आणि मी काही सांगायला लागले की हं हं करून पुढे जातात."

मला ते टक टक करणारं बोट आठवलं. तोंडाने मात्र म्हटलं, "पुरुषांचं असंच असतं."

आणखी काही दिवसांनी म्हणाली, "आज विचारत होते, समज मी लग्नाला नाही म्हटलं तर तू काय करशील? मी म्हटलं, रडेन. तर म्हणाले, आणि मग?"

"चेष्टेत म्हणाला असेल. हसत होता ना?"

"नाही," लायबा म्हणाली. "खरंच विचारत होते."

मी दुसऱ्याच दिवशी आईला भेटायचं निमित्त काढून राजिवड्याला गेले. सकाळचे अकरा वाजले होते आणि खिडक्या लावून हा टीव्हीसमोर बसला होता. चित्रांचं ते पान मला मुद्दाम उघडून दाखवलं. सगळी रंगीत. एकच करडं.

"हे एकच राहिलं. ह्यात वाईट काही करायचंच नाही, बघ. शिपायाने शेवटपर्यंत एकट्याने पोचायचं. जो जो बरोबर येतो म्हणेल त्याला नको म्हणायचं. बस्स."

"भाई, तू लायबाला काय काय विचारतोस?"

"बोलतो आपला."

"ती टीव्हीतली बाई नाही."

तेव्हा मात्र तो चिडला. रिमोटसारखं ते यंत्र गादीवर फेकलं. "मला अक्कल नाही का गं? गेम कुठला आणि माणूस कुठला, एवढं कळत नाही मला?"

त्याला कळत होतं हो. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणूनच तर मला भीती वाटली. डोकं फिरलेला असता तर हकीमाकडे नेलं असतं, मुल्लाकडून फुंकून आणलं असतं. शहाण्यासुरत्या माणसाचं काय करायचं?

मग त्याचा आवाज खाली आला. "तुला कधी वाटत नाही, मेहरीन? मी हो म्हटलं. पटकन म्हटलं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, ते आता कधीच दिसणार नाही. कधीच नाही."

"कुणालाच नाही दिसत रे! सगळे तसेच जगतात!"

"हं हं," तो म्हणाला आणि यंत्र उचललं. मी अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "लग्न झालं की येईल वळणावर." अम्मी म्हणाली, "तू नव्या घरात लक्ष घाल." मी भाट्याला परत आले. जीव टांगणीला लागला होता, पण सांगणार कुणाला?

लायबाची परीक्षा संपली. शुक्रवारचा निकाह ठरला. बुधवारी आम्ही दोघी ओसरीवर बसून तिच्या ओढणीला किनार लावत होतो, आणि आत घरातला फोन वाजला. मैमुनाखाला बराच वेळ आत होती. बाहेर आली ती दाराला धरून उभी राहिली.

"तुझ्या भावाचा फोन हुता. त्याला लग्न नको."

लायबाच्या हातातली सुई तशीच राहिली. मी विचारलं, "का? दुसरी कोण हाय काय त्याची?"

"कोण नाय म्हणाला. तक्रार पण नाय. नुसतं नको म्हणाला."

मी धावत आत जाऊन त्याला फोन लावला. माझ्या तोंडाला येईल ते बोलणार होते. त्याने उचलला, आणि मी काही म्हणायच्या आत हळूच विचारलं, "काय म्हणाली ती?"

मी फोन आपटला. त्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती, काही नव्हतं. पडद्यावर आता काय येतंय, ते बघत बसलेला माणूस होता तो.

मैमुनाखाला ओरडली असती तर मला चाललं असतं. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन ऐकवल्या असत्या, आणि मग दोघी रडून मोकळ्या झालो असतो. पण ती गोड बोलायला लागली. मी चुलीकडे गेले तर म्हणाली, "राहू दे, तू बस." भांड्यांना हात लावला तर, "राहू दे हं." मासे मी साफ करायचे ते ती स्वतः करायला बसली. मला पानावर आधी वाढलं, तळलेली मोठी तुकडी माझ्या ताटात घातली, आणि आग्रह केला. पाहुणीला करतात तसा. सून म्हणून तिने मला आल्या दिवसापासून राब राब राबवलं होतं आणि मी कुरकुरत होते. आता कुणीतरी मला मसाला वाटायला सांगावं म्हणून मी तडफडत होते.

गुरुवारी सकाळी, त्याच्या नेहमीच्या वेळेला, साकिबचा फोन आला, कुठल्याशा बंदरातून. आईशी बोलला, मग माझ्याशी. खरखर फार होती. मी म्हटलं, "माझी ह्यात काय चूक आहे?" तो म्हणाला, "तुझी काही चूक नाही, मेहरीन." मग म्हणाला, "पण अम्मी सांगेल तसं." नवऱ्याचं प्रेम होतं माझ्यावर. होतं, ते मी आजही म्हणेन. पण बहिणीला टाकून माझ्याशी संसार करायची त्याची छाती नव्हती, आणि आमच्यात कुणाचीच नसते.

शनिवारी सकाळी अंगणात रिक्षा थांबली. अब्बा आणि भाई. अब्बा मान खाली घालून आले. भाई मात्र इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, चेहरा असा हलका की जसा काही तापातून उठलाय. बसायच्या आधीच बोलायला लागला.

"खाला, माझं चुकलं. मी नको म्हणायला नको होतं. मला कळलं आता, फार वाईट वाटलं मला. माझं हो आहे. आपण पहिल्यासारखंच करू. पुढच्या शुक्रवारी."

पहिल्यासारखंच! मधले दिवस कुठे गेले? लायबा तीन दिवस जेवली नव्हती, ते कुठे गेलं?

मैमुनाखालाने माझ्या अब्बांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिचा राग माझ्यावर नव्हताच, मला टिकवायला ती काहीही गिळायला तयार होती, ते मला त्या क्षणी दिसलं. म्हणाली, "लायबाला विचारा. ती हो म्हणत असेल तर माझी ना नाय. ती नको म्हणाली तर तुमची लेक तुम्ही घेऊन जा. मग तलाकनामा येईल. मला दुसरं काय करता यायचं नाय."

लायबा मधल्या दारात उभी होती. डोळे सुजलेले. तिने भाईकडे पाहिलंच नाही.

"भाभी," ती म्हणाली, "तू सांग. तुझा भाऊ आहे, तू त्यांना जन्मापासून बघतेयस. हे परत असं करतील का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अब्बांनी नुसते ओठ हलवले, नाही म्हण, नाही म्हण. भाई मला मानेने खुणावत होता, चल, लवकर. एवढंच तर म्हणायचं होतं, 'नाही गो, नाही करणार.' मग माझी चूल माझी होती, साकिब माझा होता, ह्याच ओसरीवर माझी पोरं खेळली असती. मला ते सगळं हवं होतं. आजही हवं आहे, खोटं कशाला बोलू? आणि समोर ही पोर उभी होती. मी नाही म्हटलं असतं तर तिने माझ्यावर विश्वास ठेवला असता, आमच्या घरी आली असती, आणि जन्मभर त्याचं तोंड बघत बसली असती, की आज काय बघावंसं वाटतंय ह्याला. पोरं झाल्यावर? ती आजारी पडल्यावर? कुठल्या दिवशी?

"करेल," मी म्हटलं.

अब्बा मटकन खुर्चीत बसले. भाई हसला. खरंच हसला, त्याला वाटलं माझी जीभ घसरली. "अगं, काय बोलतेस? लायबा, परत विचार तिला. मेहरीन, नीट ऐक आणि सांग. परत विचार ना!"

लायबाने परत विचारलं नाही. ती माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले, आणि हातांवर कपाळ टेकून उभी राहिली. तिचे अश्रू माझ्या बांगड्यांतून मनगटावर उतरत होते. मग म्हणाली, "अम्मी, मला नको."

मैमुनाखाला आत गेली. बाहेर आली ती माझी बॅग घेऊनच. बॅग भरलेली होती. कधी भरून ठेवली होती कोण जाणे. तिने ती माझ्या हातात दिली नाही, अब्बांच्या पायाशी ठेवली, आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

अब्बा बॅग उचलून रिक्षाकडे गेले. भाई अंगणातूनच सांगत होता, "खाला, उद्या आम्ही परत येतो. उद्या शांतपणे बोलू." मी चपला घातल्या. माझ्या मागे दार लागलं. मी पायरीवरच होते, आणि आत फोन वाजायला लागला. त्या वेळी साकिबशिवाय दुसरं कुणी फोन करत नसे. मी तिथेच थांबले. कुणीतरी तो उचलला.